खुल्या आज्ञावलीचे सामूहिक काम आणि आकृतीचे साहाय्य

बेळगावच्या उद्यमबाग परिसरातील एखाद्या ओतकामाच्या कारखान्यात नवे काम येते, तेव्हा सर्वांत आधी येतो तो कागदावरील आराखडा. ज्याला तो सुटा भाग हवा असतो तो गिऱ्हाईक दूरच्या शहरात असतो. पॅटर्न तयार करणारा कारागीर, साचा भरणारा कामगार आणि अखेरीस यंत्रावर त्या भागाची मापे नेमकी करणारा तंत्रज्ञ यांपैकी कोणीही त्याला पाहिलेले नसते. एकाची बोलभाषा मराठी, दुसऱ्याची कन्नड आणि तिसऱ्याची हिंदी असू शकते. तरीही वस्तू हवी तशी तयार होते, कारण आराखड्यातील रेषा आणि मापे सर्वांना सारखीच कळतात. जे काम अनेकांनी मिळून, परंतु एकमेकांपासून दूर राहून करावयाचे असते, तेथे आकृती ही सर्वांची समान भाषा ठरते.

संगणकाच्या क्षेत्रात अशा प्रकारचे काम गेली चार दशके मोठ्या प्रमाणावर चालू आहे. त्याला खुल्या आज्ञावलीचे, म्हणजेच ओपन सोर्स सॉफ्टवेअरचे काम असे म्हणतात. या कामात आकृतीचा उपयोग कसा होतो आणि बेळगाव-निपाणी भागातील ग्रामस्थ, शिक्षक व कर्मचारी यांचा त्याच्याशी काय संबंध पोहोचतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

खुली आज्ञावली म्हणजे काय?

संगणकाने कोणते काम कोणत्या क्रमाने करावे हे सांगणाऱ्या सूचनांच्या संचास आज्ञावली असे म्हणतात. पुष्कळशा आज्ञावल्यांचा मूळ मजकूर त्या तयार करणारी कंपनी आपल्याजवळच ठेवते. खुल्या आज्ञावलीचा मूळ मजकूर मात्र सर्वांना पाहावयास मिळतो. ती कोणासही वापरता येते, तिचा अभ्यास करता येतो, तीत सुधारणा करता येते आणि सुधारलेली प्रत इतरांना देता येते. या चारही गोष्टींची मुभा तिच्या परवान्यातच दिलेली असते.

अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जीएनयू हा प्रकल्प जाहीर केला, तेव्हापासून या चळवळीस निश्चित रूप आले. १९९१ साली फिनलंडमधील लायनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचे काम सुरू केले. 'ओपन सोर्स' हे नाव १९९८ साली रूढ झाले. हजारो माणसांनी केलेल्या सुधारणांची नोंद नीट राहावी यासाठी टॉरव्हाल्ड्स यांनीच २००५ साली गिट ही नोंदव्यवस्था तयार केली. कोणी, केव्हा, कोणती ओळ बदलली आणि का बदलली, हे तीत कायमचे नोंदले जाते. भारत सरकारनेही २०१५ साली धोरण जाहीर करून शासकीय संगणक-व्यवस्थांमध्ये खुल्या आज्ञावलींना प्राधान्य देण्याचे ठरविले.

या कामातील माणसे वेगवेगळ्या देशांत राहतात. त्यांचा बहुतेक व्यवहार लेखी असतो व तो इंग्रजीतून चालतो. पण त्यांपैकी अनेकांची ती मातृभाषा नसते. अशा वेळी शब्दांनी गैरसमज होण्याची शक्यता फार असते. हा गैरसमज कसा होतो आणि आकृतीने तो कसा टळतो, हे आपल्या नित्याच्या एका शब्दावरून पाहू.

'शेतकऱ्यांना' या शब्दाची कथा

शासकीय परिपत्रकात व सूचनाफलकावर 'शेतकऱ्यांना', 'कर्मचाऱ्यांना', 'गावकऱ्यांना' हे शब्द वारंवार येतात. पण संगणकावर छापलेल्या कित्येक सूचनांमध्ये ते 'शेतकर्यांना', 'कर्मचार्यांना' असे उमटलेले दिसतात. अनेकांना हा छपाईचा किरकोळ दोष वाटतो. वस्तुतः तो तसा नाही.

मराठीत अर्धा 'र' दोन प्रकारांनी लिहिला जातो. पहिला प्रकार अक्षराच्या डोक्यावरील रफाराचा. 'आचार्य', 'सूर्य', 'कार्य' हे शब्द त्याची उदाहरणे होत. रफारामुळे आधीच्या अक्षरावर आघात येतो. दुसरा प्रकार पुढील अक्षरास बाजूने जोडलेल्या आडव्या र-चा. 'दऱ्या', 'सुऱ्या', 'कऱ्हाड' या शब्दांत तो येतो आणि तेथे असा आघात होत नाही. 'आचार्यांना' म्हणजे गुरुजनांना आणि 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. 'दर्या' म्हणजे समुद्र, तर 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. खूण बदलली की अर्थ बदलतो. हिंदी लेखनात या दुसऱ्या खुणेची सहसा गरज पडत नाही. त्यामुळे देवनागरी म्हणजे हिंदी असे गृहीत धरून काम करणाऱ्याच्या लक्षात हा भेद येत नाही.

हाच दोष माणसाच्या नावात शिरला तर प्रश्न अधिक गंभीर होतो. 'कुऱ्हाडे' हे आडनाव एका कागदावर बरोबर आणि दुसऱ्या कागदावर 'कुर्हाडे' असे उमटले, तर यंत्राच्या दृष्टीने ती दोन निराळी नावे होतात. यादीत नाव असूनही शोध घेतला असता ते सापडत नाही. शाळेचा दाखला, शिधापत्रिका किंवा जमिनीचा उतारा यांचा मेळ घालताना त्या माणसास विनाकारण खेटे घालावे लागतात.

अक्षराचा प्रवास

हा दोष दुरुस्त करावयाचा तर तो नेमका कोठे उत्पन्न होतो हे प्रथम कळले पाहिजे. त्यासाठी पुढील साधी आकृती उपयोगी पडते.

कळफलक → संकेतांक → साठवण → अक्षरजुळणी → फॉन्ट → पडदा किंवा कागद

आपण कळ दाबतो तेव्हा संगणकात अक्षराचे चित्र जात नाही, तर एक क्रमांक जातो. जगातील लिप्यांसाठी हे क्रमांक युनिकोड या प्रमाणपद्धतीने ठरविलेले आहेत. १९९१ सालच्या तिच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीचा तीत समावेश आहे. त्या पद्धतीत 'र'चा क्रमांक ०९३० आहे. हे क्रमांक साठविले जातात. त्यानंतर अक्षरजुळणी करणारी आज्ञावली ते क्रमाने वाचून कोणते जोडाक्षर व्हावयास पाहिजे ते ठरविते. त्या जोडाक्षराचे चित्र फॉन्ट पुरवितो आणि शेवटी ते आपल्या दृष्टीस पडते.

आडवा 'र' मिळविण्याचे युनिकोडमध्ये दोन मार्ग आहेत. 'र', हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडखूण असा क्रम दिला की आडवा 'र' होतो. अथवा ०९३१ या क्रमांकाचा 'ऱ' घेऊन त्यास हलन्त जोडला तरी तेच रूप मिळते. इन्स्क्रिप्ट कळफलकावर 'र'च्याच कळीवर शिफ्टसह हा 'ऱ' दिलेला आहे. दोन्ही मार्गांनी दिसणारे अक्षर एकच असते, पण आत साठविलेले क्रमांक वेगळे असतात.

आता वरील आकृतीतील प्रत्येक टप्प्यावर काय बिघडू शकते ते पाहा. पहिल्या टप्प्यावर, टंकलेखन करणाऱ्यास 'ऱ'ची कळच ठाऊक नसेल. साठवणीच्या टप्प्यावर, एखादी आज्ञावली अदृश्य जोडखूण निरुपयोगी समजून गाळून टाकील आणि मग 'ऱ्य'चा 'र्य' होईल. जुळणीच्या टप्प्यावर, मराठीचा नियमच लागू केलेला नसेल. फॉन्टच्या टप्प्यावर, आडव्या र-चे चित्रच काढलेले नसेल. दोष बाहेरून एकच दिसतो, पण त्याची कारणे चार आहेत आणि ती दूर करणारी माणसेही चार निराळी आहेत. आकृती समोर नसेल तर फॉन्ट तयार करणारा जुळणीच्या आज्ञावलीकडे बोट दाखवितो आणि जुळणी करणारा फॉन्टकडे. ती समोर ठेवली की प्रत्येक टप्प्यावर 'येथपर्यंत ठीक आहे काय?' असा प्रश्न विचारता येतो आणि दोषाचे ठिकाण सापडते.

अक्षरजुळणीच्या कामासाठी आज मोठ्या प्रमाणावर वापरली जाणारी खुली आज्ञावली म्हणजे हार्फबझ. फायरफॉक्स, क्रोम, लिबरऑफिस आणि अँड्रॉइडचे भ्रमणध्वनी यांत तिचा उपयोग केला जातो. इराणमध्ये जन्मलेले बेहदाद एस्फहबोद हे तिचे प्रमुख शिल्पकार होत. तिचे नाव फारसी असून 'एकही हरफ काढला नाही' असे आपण म्हणतो त्यातील 'हरफ' तोच तिच्या नावात आहे. फारसी भाषक तंत्रज्ञांपासून इतर अनेक भाषांच्या जाणकारांपर्यंत सर्वांच्या हातून जी वस्तू घडते, तिच्यात मराठीचा नियम बरोबर बसावयाचा तर तो नियम मराठी न जाणणाऱ्यासही डोळ्यांनी दिसला पाहिजे. म्हणूनच युनिकोडच्या प्रमाणग्रंथातील देवनागरीच्या प्रकरणात हे नियम बेरजेच्या गणितासारखे, अक्षरांची रूपे दाखवून मांडलेले आहेत.

दोन लिप्या आणि एक खूण

सीमाभागातील वाचकांस या प्रश्नाची आणखी एक बाजू विशेष महत्त्वाची वाटेल. येथे एकाच कार्यालयात, एकाच शाळेत मराठी व कन्नड या दोन्ही लिप्यांशी काम पडते. कन्नडमध्येही अर्ध्या र-ची दोन रूपे आहेत. सामान्यतः र-ची खूण पुढील व्यंजनाच्या उजवीकडे लिहितात. तिला अर्कावत्तु म्हणतात. परंतु 'रँक'सारखा इंग्रजीतून आलेला शब्द लिहिताना 'र' पूर्ण लिहून त्याला य-चे ओत्तक्षर जोडण्याची पद्धत आहे. हा भेद दाखविण्यासाठी कन्नडमध्येही तीच अदृश्य जोडखूण वापरली जाते, मात्र तिची जागा वेगळी आहे.

मराठी: र + हलन्त + य = र्य
मराठी: र + हलन्त + जोडखूण + य = ऱ्य
कन्नड: र + हलन्त + य = य आणि त्याच्या उजवीकडे अर्कावत्तु
कन्नड: र + जोडखूण + हलन्त + य = पूर्ण र आणि त्यास य-चे ओत्तक्षर

मराठीत जोडखूण हलन्तानंतर येते, कन्नडमध्ये ती हलन्ताआधी येते. हीच गोष्ट वाक्यांत समजावून सांगू लागल्यास दोन पाने भरतील आणि तरीही वाचणारा घोटाळ्यात पडेल. कन्नडचे काम उत्तम जाणणारा तंत्रज्ञ मराठीसाठीही तोच क्रम गृहीत धरण्याचा संभव आहे, आणि मराठी जाणणाराही उलट चूक करील. वरील चार ओळी एकाखाली एक ठेवल्या की फरक तत्काळ ध्यानात येतो.

लिहिता येणारी आकृती

आकृतीचे महत्त्व मान्य केले तरी एक अडचण उरते. कागदावर काढून छायाचित्राच्या रूपाने पाठविलेली आकृती दुसऱ्यास बदलता येत नाही. एक बाण चुकला तरी सर्व चित्र नव्याने काढावे लागते. मूळ चित्र काढणारा काम सोडून गेला तर ते तसेच जुने पडून राहते.

यावर तंत्रज्ञांनी काढलेला उपाय मोठा सोपा आहे. आकृती रेखाटावयाची नाही, तर शब्दांत लिहावयाची. 'कळफलक, बाण, संकेतांक', 'संकेतांक, बाण, साठवण' अशा ओळी लिहिल्या की त्यांवरून संगणक स्वतःच चौकटी व बाण काढून देतो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मलेली ग्राफव्हिझ ही खुली आज्ञावली या पद्धतीने चालते. स्वीडनमधील क्नूट स्वेइडक्विस्ट यांनी २०१४ साली मर्मेड ही त्याच धर्तीची, पण अधिक सोपी आज्ञावली तयार केली. खुल्या आज्ञावल्यांचा मूळ मजकूर ज्या गिटहब या ठिकाणी फार मोठ्या प्रमाणावर ठेवला जातो, तेथे फेब्रुवारी २०२२ पासून मर्मेडच्या आकृत्या आपोआप दिसू लागल्या. या दोन्ही साधनांत चौकटीतील नावे देवनागरीत लिहिता येतात. लिनक्सच्या माहितीपत्रांमध्येही ग्राफव्हिझच्या आकृत्यांची सोय आहे.

अशा आकृतीचे दोन लाभ आहेत. पहिला असा की ती मूळ मजकुराशेजारीच गिटच्या नोंदीत राहते. कोणी एक बाण बदलला तर कोणती ओळ काढली व कोणती घातली ते सर्वांना दिसते, त्यावर चर्चा करता येते आणि मगच तो बदल स्वीकारला जातो. दुसरा असा की ती दुरुस्त करण्यासाठी चित्रकलेचे कौशल्य लागत नाही. ज्यास चूक दिसली त्यास ती तेथल्या तेथे सुधारता येते.

आकृतीची पथ्ये

आकृती उपयोगी पडावी यासाठी काही पथ्ये पाळणे अगत्याचे आहे.

१. एका आकृतीने एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे. सर्व काही एकाच चित्रात घालण्याचा मोह टाळावा.

२. चौकट म्हणजे काय आणि बाण म्हणजे काय, हे खाली सूचीत लिहावे. एकाच्या मते बाण म्हणजे 'यानंतर हे', तर दुसऱ्याच्या मते 'यावर हे अवलंबून'. हा गोंधळ नेहमी आढळतो.

३. केवळ रंगाने भेद दाखवू नये. काळ्या-पांढऱ्या छपाईत रंग नाहीसे होतात आणि काहींना रंगांतील फरक ओळखता येत नाही.

४. आकृतीचा आशय दोन-तीन वाक्यांतही लिहावा, म्हणजे दृष्टिहीन व्यक्तीस वाचून दाखविणाऱ्या यंत्राच्या साहाय्याने तो समजेल.

५. मूळ आज्ञावली बदलली की आकृतीही त्याच वेळी बदलावी.

शेवटचे पथ्य सर्वांत महत्त्वाचे व सर्वांत अधिक दुर्लक्षिले जाणारे आहे. जमिनीचे पोटहिस्से पडले आणि नकाशा जुनाच राहिला, तर पुढील पिढीत बांधावरून तंटे उभे राहतात, हे ग्रामीण वाचकांस सांगावयास नको. जुन्या नकाशावर विश्वास ठेवणारा मनुष्य नकाशा नसलेल्यापेक्षाही अधिक फसतो. आज्ञावलीच्या आकृतीचेही तसेच आहे. आकृती ही चर्चेची जागा घेऊ शकत नाही आणि अखेरचा निर्णय प्रत्यक्ष आज्ञावली कशी चालते यावरूनच करावा लागतो, हेही विसरता कामा नये.

आपणास काय करता येईल?

खुल्या आज्ञावलीच्या कामात केवळ आज्ञावली लिहिणाऱ्यांचीच गरज असते, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. मराठीचा नियम काय आहे आणि तो कोठे मोडला जातो, हे मराठीच्या शिक्षकास व रोज दाखले टंकलिखित करणाऱ्या लिपिकास जितके ठाऊक असते तितके दूरदेशीच्या तंत्रज्ञास ठाऊक नसते. हे ज्ञान त्याच्यापर्यंत पोहोचविण्यासाठी चार चौकटींचा एक कागद पुरेसा आहे.

पहिल्या चौकटीत कोणती अक्षरे कोणत्या क्रमाने दिली ते लिहावे. दुसरीत अक्षर कसे दिसावयास हवे ते हाताने मोठे व स्वच्छ काढावे. तिसरीत प्रत्यक्ष उमटलेल्या अक्षराचे छायाचित्र लावावे. चौथीत यंत्र, आज्ञावलीचे नाव व आवृत्ती आणि फॉन्टचे नाव नोंदवावे.

येथे एक गोष्ट विशेषकरून ध्यानात ठेवावी. 'हवे ते' रूप केवळ टंकलिखित करून पाठवू नये. आपल्या पडद्यावर ते बरोबर दिसले तरी पाहणाऱ्याच्या यंत्रावर तोच दोष असल्यास त्यास ते चुकीचेच दिसेल, आणि मग तक्रार कशाची आहे हेच त्यास कळणार नाही. उलटपक्षी नुसते चित्रही पुरेसे नाही, कारण आडव्या र-चे दोन मार्ग दिसण्यात सारखेच असतात. चित्र आणि क्रम ही दोन्ही दिली तरच तक्रार पूर्ण होते. व्यक्तींची नावे व कागदपत्रांचे क्रमांक मात्र अशा कागदावर देऊ नयेत; त्याऐवजी 'शेतकऱ्यांना' यासारखा सामान्य शब्द उदाहरणादाखल घ्यावा.

हे काम शाळेतही करून घेता येईल. विद्यार्थ्यांनी दोन्ही प्रकारच्या र-चे शब्द गोळा करावेत, ते आपापल्या यंत्रांवर लिहून पाहावेत आणि आढळलेला फरक आकृतीने दाखवावा. त्यातून व्याकरणाचा पाठ होतो आणि संगणकाचाही. खुल्या परवान्याचे 'लोहित' व 'मुक्ता' हे फॉन्ट अशा तपासणीसाठी विनामूल्य उपलब्ध आहेत. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या 'स्पोकन ट्यूटोरिअल' या प्रकल्पाने खुल्या आज्ञावल्यांचे पाठ मराठीतून व कन्नडमधूनही तयार केलेले आहेत. १९९८ साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावातच आहे. निपाणीपासून बेळगावपर्यंत अभियांत्रिकीचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांना दोन्ही लिप्या लहानपणापासून परिचित असतात. गावच्या शिक्षकाने किंवा लिपिकाने भरलेला चार चौकटींचा कागद योग्य त्या प्रकल्पाकडे नेऊन पोहोचविण्याचे काम त्यांना सहज करता येईल.

कार्यालय प्रमुखांनीही आपल्या अखत्यारीत दोन गोष्टी अवश्य कराव्यात. नवी संगणक-व्यवस्था घेताना मराठी व कन्नड या दोन्ही लिप्यांतील वर दिलेल्या चार ओळी तिच्यात टाकून, साठवून व पुन्हा छापून पाहाव्यात. व्यवस्था बरोबर उतरल्यावरच ती स्वीकारावी. तसेच ज्या व्यवस्था आपल्या कार्यालयात तयार होतात, त्यांच्या प्रवाहाची आकृती कर्मचाऱ्यांस समजेल अशा भाषेत लावून ठेवावी, म्हणजे एखादा अर्ज कोठे अडला हे नव्याने रुजू झालेल्या कर्मचाऱ्यासही पाहता येईल.

आपली भाषा यंत्रावर शुद्ध उमटावी, ही अपेक्षा रास्त आहे. परंतु ती दुसऱ्या कोणी परस्पर पूर्ण करावी असे म्हणून चालणार नाही. खुल्या आज्ञावलीचे दार सर्वांना उघडे आहे आणि त्या दारातून आत जाण्यासाठी परदेशी भाषेवरील प्रभुत्वापेक्षा नीट काढलेली एक आकृती अधिक उपयोगी पडते. तेव्हा ज्या ज्या ठिकाणी 'शेतकऱ्यांना' हा शब्द चुकीचा उमटलेला दिसेल, तेथे केवळ हळहळ व्यक्त न करता तो चार चौकटींत मांडावा आणि दुरुस्त करणाऱ्यांच्या हाती द्यावा.